डब्यातलं ल्युसिन, भाकरीतलं ल्युसिन

अमायनो ॲसिड म्हणजे प्रथिनाची एकेक वीट. आमच्या मेडिकलमध्ये ते एका जागी ठेवलेलं नसतं. दर्शनी काचेच्या कपाटात जिमला जाणाऱ्या पोरांचे बीसीएएचे, म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन या तीन अमायनो ॲसिडांच्या मिश्रणाचे, मोठाले डबे. मागच्या रॅकवर लिव्हरच्या पेशंटची एल-ऑर्निथिन एल-ॲस्पार्टेटची पाकिटं. खालच्या खणात गरोदर बायकांना लिहून दिलेले आर्जिनिनचे सॅशे, संत्र्याच्या वासाचे. किडनीच्या पेशंटच्या गोळ्या असतात, त्याही अमायनो ॲसिडचीच कीटो रूपं. आणि कंपवाताची लेव्होडोपा! ती तर रचनेनं सरळसरळ अमायनो ॲसिडच आहे, पण घेणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. एकाच कुळातली ही मंडळी दुकानात अशी पांगलेली असतात. त्यातली निम्मी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जातात, निम्मी मोबाइलमधला फोटो दाखवून. बार्शीत औषधाच्या दुकानात उभं राहून माझं निम्मं आयुष्य गेलं. चिठ्ठीशिवाय जाणाऱ्या या निम्म्या मालाची काळजी मला गेल्या काही वर्षांत फार वाटायला लागली आहे.

जिमची पोरं वाईट नसतात, हे आधी सांगते. दारूच्या गुत्त्यावर बसण्यापेक्षा पहाटे उठून वजनं उचलणारा मुलगा मला केव्हाही आवडतो. असाच एक जण नेहमी येतो, दूध डेअरीत काम करणारा, घामानं भिजलेला. "ताई, बीसीएए द्या. सरांनी सांगितलंय, रिकव्हरीला लागतंय म्हणून." सर म्हणजे जिममधले ट्रेनर. एकदा दुकानात गर्दी नव्हती, म्हणून मी त्याला त्याच्या शेकरमध्ये तिथंच एक स्कूप टाकून दाखवायला सांगितलं. पांढरी पूड पाण्यावर तशीच तरंगत राहिली. त्यानं शेकर जोरजोरात हलवला तरी वर फेस आणि कडेला न विरघळलेले कण. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन या तिघांचीही पाण्याशी फारशी मैत्री नाही. त्यांची मूळ चव कडू. डब्यात कलिंगडाचा किंवा कैरीचा स्वाद घालतात तो हा कडवटपणा झाकायला. "चव घेऊन बघा," असं मी म्हटल्यावर त्यानं बिनस्वादाच्या डब्यातली चिमूटभर पूड जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

त्या एका स्कूपमध्ये असतं काय? साधारण पाच ग्रॅम बीसीएए, ल्युसिन दोन भाग आणि बाकीची दोन एक-एक भाग, म्हणजे ल्युसिन अडीच ग्रॅम. एका अंड्यात ल्युसिन अर्धा ग्रॅमच्या आसपास असतं. तेव्हा स्कूपमधलं ल्युसिन जवळपास पाच अंड्यांइतकं झालं. आकडा ऐकून पोरगं खूश होतं, आणि त्यात खोटंही काही नाही. स्नायूंच्या पेशींना "आता प्रथिनं बांधायला घ्या" असा इशारा जे अमायनो ॲसिड सगळ्यांत ठळकपणे देतं, ते ल्युसिनच. गोष्ट पुढे अडते. स्नायूचं प्रथिन बांधायला सगळीच अमायनो ॲसिडं हजर लागतात, आणि त्यातली नऊ शरीराला स्वतः करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. डब्यात त्यातली तीनच. उरलेली सहा उपाशीपोटी कुठून येणार? शरीर ती आपल्याच स्नायूंमधून सोडवून घेतं. रॉबर्ट वुल्फ या अमेरिकी शास्त्रज्ञानं २०१७ साली यावरचं सगळं संशोधन तपासून लिहिलं, की नुसतं बीसीएए घेऊन माणसाचे स्नायू वाढतात या दाव्याला आधार नाही. पाच अंडी खाल्ली तर नऊच्या नऊ येतात आणि घरात अंड्याची पोळीही बनते.

आमच्याकडच्या जुन्या पैलवानांना हे रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण त्यांच्या खुराकात दूध होतं, बदामाची थंडाई होती, पुढे अंडी आणि मटण आलं. खुराकाला पैसे लागत आणि गरिबाच्या पोराला ते परवडत नसत, ही त्यातली खरी अडचण. तालमीतल्या लाल मातीचं नुसतं कौतुक करून ती सुटत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती सांगते. ती भाकरीची आहे.

सोलापूर जिल्हा म्हणजे ज्वारीचा जिल्हा. मंगळवेढ्याची मालदांडी, हुरडा, कडक भाकरी, शेंगाचटणी, यावर आम्ही वाढलो. या ज्वारीच्या प्रथिनात एक गोष्ट उठून दिसते: ल्युसिन भरपूर, तेरा टक्क्यांच्या आसपास, आणि अन्नातूनच यावं लागणाऱ्या त्या नवांतलंच लायसिन अगदी कमी. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस हैदराबादच्या आसपासच्या गरीब ज्वारी खाणाऱ्या माणसांमध्ये पेलाग्रा आढळत होता. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळसर चट्टे, गळ्याभोवती हारासारखी पट्टी, जुलाब, आणि आजार वाढला की मनाचा तोल जाणं. हा नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. जगभर तो मका खाणाऱ्यांचा म्हणून ओळखला जायचा, कारण मक्यात ट्रिप्टोफॅन हे अमायनो ॲसिड कमी असतं, आणि शरीर थोडंफार नायसिन ट्रिप्टोफॅनपासूनच बनवतं. साठ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे एक मिलिग्रॅम. पण ज्वारी काही मका नव्हे. तिच्यात ट्रिप्टोफॅन इतकंही कमी नसतं. मग ज्वारी खाणाऱ्याला पेलाग्रा का?

कोलुथूर गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया हे तेव्हा हैदराबादच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये होते. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. मका आणि ज्वारी या दोघींमध्ये समान काय, असा विचार करत ते ल्युसिनपाशी आले. १९६० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मांडलं, की जादा ल्युसिन ट्रिप्टोफॅनपासून नायसिन होण्याच्या वाटेत अडथळा आणत असावं. पुढे त्याच प्रयोगशाळेत ल्युसिनचा ट्रिप्टोफॅनच्या चयापचयावर काय परिणाम होतो हे तपासलं गेलं, आणि आयसोल्युसिन दिलं तर बिघडलेला तोल सावरतो असंही दिसलं. नंतर इतर प्रयोगशाळांना काही निष्कर्ष तसेच मिळाले नाहीत, वाद झाला, ब-६ जीवनसत्त्वाचा धागा त्यात आला. आज कुणी ल्युसिन हेच पेलाग्राचं एकमेव कारण आहे असं म्हणणार नाही. तरीही त्या दोघांनी विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. एक अमायनो ॲसिड जास्त झालं तर दुसऱ्याचं काय होतं? कमतरतेचा विचार सगळे करतात. जास्तीचा विचार, तोही आपल्याच मातीतल्या भाकरीवरून, त्यांनी केला.

आणि ज्वारी खाणारा प्रत्येक जण काही आजारी पडला नाही. ज्याच्या ताटात भाकरीशेजारी दुसरं काहीच नव्हतं, तोच पडला. भाकरीबरोबर हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं असलं, मटकीची उसळ असली, वाटीभर ताक असलं की लायसिन येतं आणि नायसिनचीही भर पडते. ज्या घरात पिठलं रोज होऊ शकत नव्हतं त्या घराचा तो आजार होता. हे वाचल्यापासून डब्यावरचं "ल्युसिन जास्त" हे वाक्य मला निव्वळ कौतुकाचं वाटत नाही. धडधाकट तरुण माणसानं दिवसाला एखादा स्कूप घेतला तर त्याला पेलाग्रा होईल, असं मी अजिबात म्हणत नाही. तरुण पुरुषांवरच्या अभ्यासात शरीराच्या किलोमागे दिवसाला अर्धा ग्रॅम, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला पस्तीस ग्रॅम ल्युसिनपर्यंत शरीरानं ते निभावून नेलं. त्यापुढे रक्तात अमोनिया चढू लागला. एवढं कुणी सहसा घेत नाही. म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर थोडं जादा ल्युसिन उपयोगीही पडतं, कारण वय झालं की स्नायू त्या इशाऱ्याला लवकर दाद देत नाहीत. मात्र सोबत पुरेसं प्रथिन हवं.

अमायनो ॲसिडं एकमेकांच्या आड कशी येतात याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण मेंदूच्या दारापाशी दिसतं. ल्युसिन, व्हॅलिन, ट्रिप्टोफॅन, टायरोसिन या सगळ्यांना रक्तातून मेंदूत जायला एकच वाहक आहे. बाजाराच्या दिवशी गावाकडची शेवटची एसटी लागते तेव्हा स्टँडवर जे होतं, तेच तिथं होतं: ज्यांची संख्या जास्त ते आधी चढतात. लेव्होडोपाही याच गाडीनं जाते. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांची गोळी "चालेनाशी" झाली होती. हात थरथरायचे, उठताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. सुनेनं गोळ्या बदलून मिळतील का म्हणून विचारलं. मी गोळीची वेळ विचारली. नातवानं प्रेमानं आणलेलं प्रोटीन शेक आजोबा सकाळी गोळीबरोबरच घेत होते. "वैनी, हे डॉक्टरांना आधी सांगा," एवढंच मी म्हटलं. डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली आणि शेक दुपारवर नेला. औषध तेच राहिलं, आजोबा पुन्हा मारुतीच्या देवळापर्यंत चालत जायला लागले. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो हजार डबे विकून होणार नाही.

आर्जिनिनबद्दल लोक फार निर्धास्त असतात, म्हणून त्यावर थोडं थांबते. आर्जिनिनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, आणि त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. खेड्यातून पोरी येतात, सोबत आई किंवा सासू. "मॅडम, पाणी कमी झालंय म्हणाले, ह्या पुड्या द्या." गर्भाभोवतीचं पाणी कमी असलं किंवा बाळाची वाढ मागे पडली की आपल्याकडे डॉक्टर आर्जिनिन देतात. मेक्सिकोत पूर्वी बाळंतपणात रक्तदाबाचा त्रास झालेल्या आणि तशाच जोखमीच्या बायकांना आर्जिनिन व जीवनसत्त्वं असलेले बार दिले, तेव्हा त्यांच्यात प्री-एक्लॅम्प्सियाचं, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायक चढण्याच्या आजाराचं, प्रमाण घटलं. तो अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. म्हणजे योग्य बाईला, डॉक्टरांच्या नजरेखाली, हे उपकारक आहे. मळमळ, पोट बिघडणं, कधी रक्तदाब उतरून चक्कर, एवढे त्रास मी त्या पोरींना आधीच सांगून ठेवते, म्हणजे त्या घाबरून मधेच बंद करत नाहीत.

हेच आर्जिनिन जिमच्या प्री-वर्कआउटमध्ये, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पुडीत, "पंप"साठी, स्नायू फुगलेले दिसावेत म्हणून असतं. आणि हेच, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी, नुकताच हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या पेशंटना देऊन पाहिलं होतं. रोज तीन वेळा तीन-तीन ग्रॅम. रक्तवाहिन्या सैल झाल्या तर हृदयाला आरामच पडेल, असा सरळ हिशोब. एकशे त्रेपन्न पेशंट होते. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले, नुसती बिनऔषधी पूड घेणाऱ्यांपैकी एकही नाही. अभ्यास मधेच थांबवावा लागला. २००६ साली तो छापून आला. संख्या लहान आहे, मान्य. पण ज्या घरात वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि मुलाचा डबा फ्रिजवर उघडा ठेवलेला आहे, त्या घरासाठी मला ती पुरेशी वाटते. "पप्पांनाही देऊ का, ताई? रक्त पातळ होतंय म्हणे त्यानं," असं मला काउंटरवर विचारलं गेलं आहे. रक्त पातळ होत नाही. आणि वडिलांच्या बीपीच्या गोळीवर, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीवर आर्जिनिनची भर पडली, तर दाब धाडकन उतरू शकतो. मी स्पष्ट नाही म्हटलं आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला.

हा दुटप्पीपणा एकट्या आर्जिनिनचा नाही. ग्लुटामिन घ्या. गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये ज्या सिकलसेलनं आदिवासी पोरं तळमळतात, त्या आजारात वेदनेचे झटके कमी करायला ग्लुटामिनला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. त्याच ग्लुटामिनची मोठी मात्रा आयसीयूमधल्या, अवयव निकामी होऊ लागलेल्या पेशंटना दिली तेव्हा, २०१३ साली छापलेल्या मोठ्या चाचणीत, मृत्यू वाढलेले दिसले. बीसीएएचंही तसंच: लिव्हरच्या सिरॉसिसमध्ये रक्तात अमोनिया चढून माणूस बरळायला लागतो, तेव्हा तोंडावाटे दिलेलं बीसीएए त्याला सावरायला मदत करतं, हे अनेक चाचण्या एकत्र पाहून दिसलं आहे. म्हणजे ज्या डब्याला मी पोरासाठी फारसा अर्थ नाही म्हणते, त्यातलाच माल लिव्हरच्या पेशंटच्या कामाचा. फरक माणसात आहे. अन्नातून आलेलं अमायनो ॲसिड इतरांच्या सोबतीनं, पचत पचत, हळूहळू रक्तात उतरतं. सुटं, ग्रॅमच्या मापानं, एकदम घेतलेलं अमायनो ॲसिड माझ्या लेखी औषध आहे, आणि औषधाला विचारायचे सगळे प्रश्न त्यालाही विचारायला हवेत.

कायदा मात्र त्याला औषध मानत नाही. आपल्याकडे असे डबे अन्न सुरक्षेच्या नियमांखाली येतात, आणि "औषधी वापरासाठी नाही" ही सूचना त्यावर छापावी लागते. मला ही सूचना अपुरी वाटते. औषधाच्या पट्टीमागे जी तपासणी उभी असते, ती या डब्यामागे तशीच उभी असेल असं ग्राहक गृहीत धरतो. २०२४ साली आपल्या बाजारातल्या छत्तीस प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे सत्तर टक्क्यांच्या डब्यावर लिहिलेलं प्रथिन आणि आत असलेलं प्रथिन जुळत नव्हतं.

भेसळ नसली, नुसती अशुद्धी असली तरी काय होऊ शकतं, याची आठवण म्हणून १९८९ सालची अमेरिका मला प्रत्येक नव्या फार्मासिस्टला सांगावीशी वाटते. तिथं झोपेसाठी, उदासीसाठी लोक एल-ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय घेत. "नैसर्गिक" म्हणून. ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिकोत तीन बायका डॉक्टरांकडे आल्या. अंगातले स्नायू असे दुखत होते की उठवत नव्हतं, आणि रक्तात इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या. तिघींनीही ट्रिप्टोफॅन घेतलं होतं. मग देशभरातून पेशंट निघू लागले. पंधराशेच्या वर लोक आजारी पडले, निदान सदतीस दगावले, कित्येकांना पुढे वर्षानुवर्षं त्रास राहिला. माग काढत काढत बहुतेक सगळे डबे एकाच ठिकाणाहून आलेल्या कच्च्या मालापाशी पोचले: जपानची शोवा डेन्को कंपनी. तिनं ट्रिप्टोफॅन बनवणारे जिवाणू बदलले होते, आणि शुद्धीकरणातला कोळशाचा वापरही कमी केला होता. मालात अतिशय अल्प प्रमाणात नको ती द्रव्यं सापडली. नेमकं कुठल्या द्रव्यानं घात केला, यावरचा वाद पूर्ण मिटलेला नाही. दुकानांतल्या डब्यांवर नावं वेगवेगळी होती. आतली पूड एकच.

म्हणून मी बॅच नंबर बघते. बिलावर तो लिहिते, ग्राहकाला पक्कं बिल घ्यायला लावते, आणि "प्रोप्रायटरी ब्लेंड" म्हणून सगळ्यांची मिळून एकच बेरीज छापलेला, कोणतं अमायनो ॲसिड किती हे न सांगणारा डबा दुकानात ठेवत नाही. त्यावरून घाऊक विक्रेत्याशी माझी कुरबूर होते. होऊ दे.

डब्यासाठी आलेल्या प्रत्येकाला मी विचारते: घरी कोणती गोळी चालू आहे? झोपेची, डिप्रेशनची, बीपीची, थायरॉइडची? किडनीचा, लिव्हरचा रिपोर्ट कधी केला होता? दिवस गेलेत का? डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या मेंदूतलं सिरोटोनिन हे रसायन वाढवतात, आणि शरीर ते ट्रिप्टोफॅनपासूनच बनवतं. त्यावर ट्रिप्टोफॅन किंवा त्याच वाटेवरचं पुढचं द्रव्य फाइव्ह-एचटीपी घेतलं तर ताप, थरथर, घाबरल्यासारखं होणं, इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून हा प्रश्न मी हळू आवाजात, बाजूला घेऊन विचारते, कारण गाव लहान आहे. त्या डेअरीतल्या पोरालाही विचारलं होतं. वजन किती? साठ किलो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे त्याला दिवसाला पन्नास ग्रॅम प्रथिन पुरतं. वजनं उचलतो, म्हणून मी थोडं वाढवूनच धरलं. दूध तर तो कामावरूनच आणतो. आम्ही दोघांनी कागदावर त्याचं दिवसभराचं ताट मांडलं. सकाळी दूध आणि दोन अंडी, दुपारी भाकरी आणि मटकी, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे आणि दही, रात्री डाळ, भात, पुन्हा दूध. बेरीज पन्नासच्या पुढेच गेली. तो कागद त्यानं खिशात घातला आणि म्हणाला, "मग ताई, ह्या पैशात महिन्याची अंडी येतील की." मी होय म्हटलं आणि डबा परत कपाटात ठेवला.